बॅग भरण्याआधी : वाचक विचारतात

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही विश्रामबाग, सांगलीचे. मिस्टर यंदा रिटायर झाले. मुलगा मेलबर्नला नोकरीला आहे, त्याला ख्रिसमसची सुट्टी असते म्हणून डिसेंबरच्या शेवटी जायचं घाटतंय. बरोबर सासूबाई, वय ७२, बाकी ठणठणीत पण गुडघे धरतात. एजंटने प्लॅन दिलाय तो असा, सिंगापूर ३ रात्री, मेलबर्न ४, सिडनी ३, गोल्ड कोस्ट २, फिजी ३ आणि परत सिडनीवरून मुंबई. एवढ्या लांब जातोय तर सगळं बघून घेऊ असं ह्यांचं म्हणणं, मला मात्र तो कागद वाचूनच दमायला झालं. पण फिजी मी सोडणार नाही. निळ्या पाण्याच्या बेटावर काही न करता नुसतं पडून राहायचं एवढी एकच इच्छा आहे माझी. काय काढू, काय ठेवू?

उत्तर : वहिनी, आधी गोल्ड कोस्टवर फुली मारा. वाईट जागा नाही ती, पण तिथे आहे काय तर समुद्रकिनारा आणि थीम पार्क, किनारा तुम्हाला पुढे बेटावर मिळणारच आहे आणि त्या उलट्यापालट्या पाळण्यांत सासूबाई थोड्याच बसणार आहेत. त्या दोन रात्रींपायी एक विमान जास्तीचं, परत बॅगा भरा, परत हॉटेलचं चेक-आऊट, परत एअरपोर्टच्या रांगेत उभं राहा. एक शहर सोडून दुसरं गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो हो, तो एजंटच्या कागदावर दिसत नाही कारण तिथे फक्त रात्री मोजलेल्या असतात. तुमच्या प्लॅनमध्ये १५ रात्री आहेत आणि विमानं कमीत कमी सात. ७२ वर्षांच्या बाईंना घेऊन.

दुसरी गोष्ट डिसेंबर, आणि इथेच घोडं पेंड खातंय. फिजी विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे तिकडचा पावसाळा आणि चक्रीवादळांचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन नावाचं कॅटेगरी ५ चं वादळ आलं होतं, ४४ माणसं गेली त्यात. आता दर डिसेंबरात असं होतं असं अजिबात नाही, भरपूर लोक जातात आणि मजेत परत येतात, पण तुम्हाला हवंय निळं पाणी आणि आभाळ भरून आलं की ते पाणी आपल्या कृष्णेसारखंच दिसतं. बोटी रद्द झाल्या तर बेटावरून विमान कसं गाठायचं हा वेगळाच डोक्याला ताप. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपत येईपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी, सगळा देश फिरायला बाहेर पडलेला, ३१ डिसेंबरच्या आतषबाजीसाठी सिडनीतल्या हॉटेलांचे रेट ऐकले तर ह्यांना रिटायरमेंटचा फंड आठवेल.

तर माझं स्पष्ट मत, फिजी पाहिजेच असेल तर मे महिना. आपल्याकडे सांगलीत ४० च्या आसपास भाजून निघत असतो तेव्हा मेलबर्नला १० ते १७ डिग्री असते, स्वेटर घालून आरामात फिरा, फिजीत नुकताच कोरडा सीझन सुरू झालेला. आणि एक छोटी गोष्ट बघा, मेलबर्नहून दोनेक तासांवर फिलिप आयलंड आहे, तिथे रोज सूर्य मावळला की छोटे छोटे पेंग्विन समुद्रातून थव्याने बाहेर येतात आणि वाळू तुडवत आपापल्या बिळात जातात, लोक पायऱ्यांवर बसून बघतात. डिसेंबरात तिथे सूर्य मावळतो पावणेनऊला, म्हणजे पेंग्विन बघून घरी परत यायला मध्यरात्र. मेमध्ये तो साडेपाचच्या आसपासच मावळतो. सासूबाईंना घेऊन जायचंय ना, मग हा हिशोब लहान नाही. मुलाच्या सुट्टीचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ नोकरीला वर्षाला ४ आठवडे पगारी रजा कायद्यानेच मिळते, त्यातला एक आठवडा आईबापासाठी टाक म्हणावं.

आता क्रम. मुंबईहून निघा, सिंगापूरला फक्त विमान बदला आणि थेट मेलबर्न. मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, पुढे साधारण साडेसात. मेलबर्नला ५ रात्री, मुलाच्या घरीच, म्हणजे पहिले दोन दिवस झोपेचं घड्याळ बसेपर्यंत नुसतं घरात राहिलात तरी हॉटेलचे पैसे वाया गेल्याची रुखरुख नाही. मग सिडनी ३, मग फिजी ४, आणि फिजीहून परत सिडनीला यायचं नाही, फिजीतल्या नादीहून फिजी एअरवेजचं थेट सिंगापूरला विमान आहे, साधारण दहा तासांचं. सिंगापूरला शेवटच्या २ रात्री, मग मुंबई. म्हणजे १४ रात्री आणि विमानं सहा. सिंगापूर शेवटी ठेवायचं कारण खरेदी, जी तुम्ही करणारच आहात, मग ती सगळ्या प्रवासभर का वाहायची. आणि बेट शहरांच्या नंतर, कारण चालून चालून पाय दुखायला लागल्यावरच पडून राहण्यात मजा असते. आधी बेट ठेवलं की पुढे सिडनीत प्रत्येक जिना चढताना त्याची आठवण येत राहते.

फक्त एक, ते नादी-सिंगापूर विमान रोज नसतं. तेव्हा आधी लगीन कोंडाण्याचं, ते कुठल्या वारी आहे ते बघा, ती तारीख पक्की करा आणि तिथून मागे मागे मोजत सिडनी आणि मेलबर्नच्या तारखा लावा. बहुतेक लोक पुढून मोजत येतात आणि शेवटी फिजीत दोन दिवस कमी पडतात नाहीतर उरतात.

तिकीट काढताना वेबसाइटवर रिटर्नच्या शेजारी मल्टी-सिटी असा पर्याय असतो, तो घ्या, मेलबर्नला उतरायचं आणि सिडनीहून निघायचं असं त्यात बसतं. शक्य तेवढे टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली की होतं काय, पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर दुसरी कंपनी म्हणते आमचा काय संबंध, नवीन तिकीट काढा. एकाच तिकिटावर असलात तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. दुसरं म्हणजे सामान. एका तिकिटावर बॅग मुंबईत टाकली की थेट मेलबर्नला मिळते आणि सिंगापूरला तुम्ही एअरपोर्टच्या आतच राहता, व्हिसा लागत नाही. वेगळी तिकिटं असतील तर बॅग घ्यायला सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा प्रवेश. (चांगी एअरपोर्टचा तो प्रसिद्ध ४० मीटरचा धबधबा ज्वेल नावाच्या मॉलमध्ये आहे आणि ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर येतं. जाताना टर्मिनल २ आणि ३ च्या मधल्या स्कायट्रेनमधून त्याची झलक दिसते, तेवढ्यावर समाधान मानायचं, येताना निवांत बघा.)

व्हिसा तीन देशांचे तीन तऱ्हेचे आहेत. ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००, ऑनलाइन अर्ज, मुलाचं आमंत्रणपत्र, बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद सगळे स्कॅन करून जोडायचे, आणि व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे परत न मिळणारं एकही हॉटेल बुक करू नका. फिजीला आपल्या पासपोर्टवर आधी व्हिसा लागत नाही, तिथे उतरल्यावर ४ महिन्यांची परवानगी देतात, परतीचं तिकीट आणि ६ महिने शिल्लक असलेला पासपोर्ट दाखवायचा. सिंगापूरचा व्हिसा त्यांच्या ऑथराइज्ड एजंटमार्फतच होतो, शिवाय पोचण्याच्या ३ दिवस आतल्या मुदतीत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. आता एजंटचा जुना प्लॅन परत बघा. फिजीहून परत सिडनी! ऑस्ट्रेलियाचा व्हिसा सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत सोडणारा, आला असता तर नादीच्या काउंटरवरच अडवलं असतं तुम्हाला, नुसतं विमान बदलायलासुद्धा. हे त्याने सांगितलं होतं का, विचारा एकदा.

फिजीत ३३० च्या वर बेटं आहेत, पण विमान उतरतं नादीला, मोठ्या बेटावर. फोटोत जी पांढऱ्या वाळूची छोटी बेटं दिसतात ती मामानुका आणि यासावा, तिथे डेनाराऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचं. यासावाची मोठी बोट सकाळी सुटते. म्हणजे सिडनीहून दुपारी-संध्याकाळी उतरलात तर त्या दिवशी बोट नाही, पहिली रात्र नादीतच काढायची हे धरूनच चला, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीही मोठ्या बेटावर येऊन राहायचं. मग चारातल्या दोनच रात्री छोट्या बेटावर उरतात. तेवढ्यासाठी यासावापर्यंत लांब जाऊ नका, मामानुका जवळ आहेत. किंवा सरळ मोठ्या बेटाच्या दक्षिणेला कोरल कोस्टवर राहा, टॅक्सीने जाता येतं, बोटीत चढ-उतार नाही, गुडघ्यांना बरं आणि खिशालाही. बोटीचं भाडं रिसॉर्टच्या रेटमध्ये धरलंय का हे आधी विचारून घ्या, माणशी जाऊन-येऊन बरंच होतं ते.

जेवणाची काळजी करू नका. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर राबायला ६० हजारांवर माणसं भारतातून फिजीला नेली, गिरमिट म्हणजे अॅग्रीमेंटवर. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत, फिजी हिंदी बोलतात, दुकानात रोटी-डाळ-भाजी मिळते, नादीच्या मेन रोडच्या टोकाला सुब्रमण्यमचं रंगीबेरंगी गोपुराचं देऊळ आहे. उसाचे फड बघून तर ह्यांना वाळव्यात आल्यासारखं वाटेल.

आणि डिसेंबर बदलताच येत नसेल तर? तर बेट बदला, महिना नाही. बाली नको, तिथेही तेव्हा पाऊस. मलेशियाच्या पश्चिमेचं लंकावी मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलं कोरडं असतं (पूर्वेकडची पेरहेंतियन वगैरे बेटं तेव्हा पावसाने बंद, एजंट गोंधळ करतात यात). मग सिंगापूरच्या जागी क्वालालंपूर धरा, मुंबई-क्वालालंपूर-मेलबर्न, सिडनीहून परत क्वालालंपूर, तिथून तासाभराचं विमान लंकावीला, पेट्रोनासचे जोड मनोरे येता-जाता दिसतील. मलेशियाला आपल्याला सध्या व्हिसा लागत नाही, पण ही सवलत जाहीर आहे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, तेव्हा तारीख त्याच्या पलीकडे जात असेल तर आधी बघून घ्या. डिजिटल अरायव्हल कार्ड तिथेही पोचण्याच्या ३ दिवस आतल्या मुदतीत भरायचं. निळं पाणी फिजीइतकं निळं नाही, खोटं का सांगू, पण तुमच्या तारखांना ते दिसण्याची शक्यता जास्त.

सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, पैसे लागत नाहीत आणि लाज तर अजिबात वाटून घेऊ नका, चांगीसारख्या एअरपोर्टवर धडधाकट माणूस चालून थकतो. सीट आइलची घ्या, दर तासा-दीड तासाला उठून फेरी मारायला लावा. इन्शुरन्स घेताना बीपी-शुगर जे असेल ते लिहा, आधीचे आजार कव्हर होतात का ते वाचा. आणि मुंबईचं विमान रात्रीचं असलं तरी सांगलीहून त्याच दिवशी सकाळी गाडीने निघायचं धाडस नको, खंबाटकीला नाहीतर खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की संपलं. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने जा, सकाळी मुंबईत, दिवसभर नातेवाइकांकडे पाठ टेका.

प्रश्न : काका, कराडहून लिहितोय. जुलैत लग्न आहे, ऑगस्टमध्ये हनिमूनला नैरोबी, मसाई मारा, मग दुबई दोन दिवस आणि शेवटी मॉरिशस असं ठरवलंय. बरोबर आहे का? अजून काही बुक केलेलं नाही.

उत्तर : अभिनंदन. दुबई काढा. ऑगस्टात तिथे ४० च्या वर पारा, मॉलमधून हॉटेलात आणि हॉटेलातून मॉलमध्ये एवढंच होईल आणि नैरोबी-मॉरिशसच्या मधे ती वाकडी वाटही आहे. दुबई कधीही होते, पुढे नोकरीच्या मीटिंगलासुद्धा जाल.

बाकी निवड झकास आहे. मारामध्ये जुलै ते ऑक्टोबर हाच विल्डबीस्टच्या (तिथल्या मोठ्या हरणांच्या) कळपांचा काळ. पण केनिया म्हटलं की यलो फिव्हर. ती लस घेतल्याचं पिवळं कार्ड पाहिजे, प्रवासाच्या कमीत कमी १० दिवस आधी लस घेतलेली असली तरच ते कार्ड धरतात, आणि ती गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच, तिथे ठरावीक वार आणि अपॉइंटमेंट. लोकांना वाटतं केनियात शिरायला लागते. खरी पंचाईत पुढे आहे, केनियाहून येणाऱ्याला मॉरिशसही कार्ड विचारतं आणि परत मुंबईत आपलेच लोक विचारतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. नव्या नवरीला घेऊन क्वारंटाइन, कल्पना करा. एकदा घेतली की जन्मभर चालते, म्हणून याद्या-पत्रिकांच्या गडबडीत अडकायच्या आधी, जूनमध्येच घेऊन टाका. जिवंत विषाणूची लस आहे, काही आजार किंवा अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

केनियाचं ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढायचं. २०१७ पासून तिथे प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, तेव्हा चपला गुंडाळायला आपण त्या दुकानाच्या पिशव्या वापरतो ना, त्या घरीच ठेवा, कापडी घ्या.

मॉरिशसला ऑगस्ट म्हणजे हिवाळा, स्वेटरचा नाही पण वारा असतो आणि तो पूर्वेच्या, आग्नेयेच्या किनाऱ्यावर आदळतो. फोटो बघून पूर्वेचं रिसॉर्ट घेऊ नका, पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा उत्तरेला ग्रां बे बघा. व्हिसा लागत नाही. आणि तिथे मराठी मंडळी भेटली तर चकित होऊ नका, दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज आहेत ते, गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. ऑगस्टच्या शेवटाला जाणार असाल तर यंदा चतुर्थी कधी येते ते कॅलेंडरात बघाच, जमलं तर तिथला गणपती बघून या.

प्रश्न : वाईहून. आम्ही शाकाहारी. विमानात हिंदू मील सांगितलं की झालं ना?

उत्तर : नाही! हिंदू मीलमध्ये बीफ नसतं एवढंच, चिकन-मटण-मासे येऊ शकतात. तुम्ही एशियन व्हेजिटेरियन मील मागा, तिकिटावर त्याचा कोड एव्हीएमएल असा येतो. कांदा-लसूणही नको असेल तर जैन मील. विमान सुटायच्या निदान ४८ तास आधी नोंदवा आणि तिकिटात तीन विमानं असतील तर तिन्हींवर नोंद झाली का ते बघा, एकावर होते आणि दोनांवर राहते असं फार वेळा होतं.

प्रश्न : भाऊ, आम्ही सातारकर. लेक सिडनीला, तिच्याकडे चाललोय, वाटेत सिंगापूरला दोन दिवस. कंदी पेढे, कांदा-लसूण मसाला, भडंग आणि ह्यांची तंबाखू एवढं घेतलंय. कोणी म्हणतं काही होत नाही, कोणी म्हणतं पकडतात.

उत्तर : ताई, पेढे साताऱ्यातच वाटून टाका. आपल्या जनावरांत लाळ्या-खुरकूत आहे, ऑस्ट्रेलियात तो रोग नाही आणि तो येऊ नये म्हणून आपल्याकडचे दुधाचे पदार्थ ते आत घेत नाहीत, पेढा, बर्फी, सगळं त्यात आलं. कितीही नावाजलेल्या दुकानाचा असू दे, कचऱ्यात जाणार. भडंग आणि दळलेला कोरडा मसाला सहसा सोडतात, पण विमानात जो फॉर्म मिळतो त्यावर खाण्याचं सामान आहे का, इथे हो वर खूण करायची. लोकांना हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण वाटतं. उलट आहे. सांगितलंत तर अधिकारी बॅग उघडून बघतो, नको ते काढून टाकतो आणि या म्हणतो, दंड नाही. लपवलंत आणि कुत्र्याने हुंगलं तर मोठा दंड, व्हिसासुद्धा रद्द करू शकतात.

मसाल्याचं मात्र सिंगापूरला बघा. घरच्या मसाल्यात खसखस भाजून घालता ना? सिंगापूरला खसखस बंदीच्या यादीत आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत त्या देशाशी गंमत करायची नाही. लेकीसाठी वेगळा, बिनखसखशीचा मसाला करा, खोबरं-तीळ थोडं वाढवा, तिला काही फरक कळणार नाही. तंबाखूही नाही. चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी सिंगापूरला आणायलाच बंदी, पुडी खिशात राहिली असं सांगून चालत नाही. भावजींना निघायच्या आठवडाभर आधीपासून बडीशेपेवर आणा, आणि विमानतळावर जायच्या आधी त्यांच्या शर्टाचे, पँटचे आणि त्या चामडी पाकिटाचे सगळे कप्पे तुम्ही स्वतः तपासा.